कमरेच्या मणक्यांची अस्थिरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून, शिरपूर-दोंडाईच्याच्या कपाशीच्या शिवारातून, भुसावळच्या रेल्वे वसाहतींतून आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांतून कंबरदुखीचे जे रुग्ण फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येतात, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. 'कंबर दुखस' एवढेच सांगून माणूस थांबतो आणि पिशवीतून एमआरआयची फिल्म काढून पुढे ठेवतो. पुढील उत्तरे अशा रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी लिहिली आहेत. प्रत्यक्ष तपासणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

अस्थिरता म्हणजे नेमके काय? मणका सरकणे, गादी सरकणे, गॅप येणे हे सगळे एकच का?

एकच नाही, आणि हा फरक समजून घेणे उपयोगाचे आहे. कमरेत पाच मणके असतात. शेजारच्या दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते, मागे डावी-उजवीकडे एकेक फॅसेट सांधा असतो, त्यांना अस्थिबंधांनी बांधून ठेवलेले असते आणि या सगळ्यावर स्नायूंचा ताबा असतो. बिजागरी ढिली झालेले दार उघडते आणि मिटतेही, पण मधल्या टप्प्यावर ते हलते, खाली बसते आणि घासते. अस्थिर कमरेचे तसेच होते. तिथे हालचाल अडलेली नसते; ती नको त्या जागी, नको तितकी आणि ताब्याबाहेर होत असते.

येल विद्यापीठातील संशोधक मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये मांडलेली कल्पना आजही या विषयाचा पाया मानली जाते. मणक्याचे स्थैर्य तीन गोष्टींवर उभे असते: हाडे, गादी व अस्थिबंध, त्यांना आवळून धरणारे स्नायू, आणि स्नायूंना वेळेवर आज्ञा देणारी मज्जासंस्था. पहिली बाजू ढिली झाली तरी उरलेल्या दोन बाजू बराच भार सांभाळू शकतात. व्यायामाने गुण का येतो, याचे उत्तर यातच आहे.

'गादी सरकली' म्हणजे गादीचा भाग मागे येऊन शिरेवर दाब पडला. 'मणका सरकला' म्हणजे वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे आला. त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. 'गॅप आला' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण गादी झिजल्यावर दोन मणक्यांमधले अंतर प्रत्यक्षात कमी होते. यांपैकी कोणत्याही स्थितीत अस्थिरता असू शकते किंवा नसूही शकते. पुढे सरकून तिथेच घट्ट बसलेला मणका स्थिर असतो.

हा त्रास ओळखायचा कसा?

निंदणीची पाथ संपल्यावर शेतात उभी राहणारी बाई नीट पाहावी. ती विळा खाली ठेवते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवते आणि हात वीत-वीत वर सरकवत मांड्यांच्या आधाराने अंग उचलते. अर्ध्यावर आल्यावर क्षणभर अडकते, कंबर एका बाजूला झुकते आणि मग हिसक्याने सरळ होते. वाकताना फारसे काही झालेले नसते, त्रास होतो तो वर येताना. मांड्यांवर हात चढवत उठणे आणि मधेच अडकणे ही अस्थिरतेची बोलकी खूण आहे.

याशिवाय एकाच जागी उभे राहणे सोसत नाही, चालू लागल्यावर बरे वाटते; बाजेवर कूस बदलताना कळ येते; किरकोळ निमित्ताने, शिंक आली किंवा खाली पडलेला चमचा उचलला तरी, उसण भरते आणि चार-आठ दिवसांनी आपोआप ओसरते; अशी उसण वर्षातून अनेकदा येते आणि दर वेळी निमित्त आणखी लहान होत जाते. 'कंबर निसटल्यासारखी वाटते' हे शब्द रुग्णाने स्वतःहून उच्चारले, की तपासणाऱ्याने कान टवकारले पाहिजेत.

शेतीच्या कामामुळेच हे होते का?

केवळ शेतीमुळे नाही. गादीची व फॅसेट सांध्यांची झीज हे सर्वांत मोठे कारण आहे. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, चौथा मणका पाचव्यावरून पुढे येण्याचे प्रमाण जास्त असते. दुसरे कारण म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीत लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पडलेली चीर. ती सुमारे ६ टक्के प्रौढांमध्ये आढळते आणि बहुतेकांना तिचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तिच्यामुळे सरकतो तो बहुधा पाचवा मणका. अपघात, आधीची मोठी शस्त्रक्रिया, सांधे जन्मतः अतिलवचिक असणे हीही कारणे आहेत.

मात्र काम भर घालते, हे नाकारता येत नाही. केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेच्या ओल्या जमिनीवरून गाडीपर्यंत दिवसभर खेपा घालणे, कापसाची ओटी बांधून तासन्‌तास ओणवे राहणे, भरलेला फवारणी पंप पाठीवर घेऊन फिरणे आणि मग खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी येणे, यांत कमरेवर वाकण्याचा, पिळण्याचा व हादऱ्याचा भार एकापाठोपाठ एक पडतो.

झिजेचा पुढचा प्रवास मात्र नेहमी वाईटाकडेच जात नाही. कर्कल्डी-विलिस आणि फर्फान यांनी १९८२ मध्ये झिजेच्या तीन अवस्था वर्णन केल्या: आधी सांध्याचे काम बिघडते, मग तो सैल होतो आणि अखेरीस हाडाच्या कडा वाढून तो पुन्हा ताठर होतो. म्हणून पन्नाशीत वारंवार उसण भरणारी काही माणसे पासष्टीत ताठ पण कमी दुखऱ्या कमरेने वावरताना दिसतात.

एमआरआयमध्ये 'मणका सरकलेला नाही' असे लिहिले आहे. मग अस्थिरता कशी असेल?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथेच निदान हुकते. अस्थिरता हा हालचालीचा दोष आहे आणि एमआरआय हे आडव्या, शांत पडलेल्या माणसाचे चित्र आहे. उताणे झोपल्यावर कमरेवरचा भार उतरतो आणि उभे असताना पुढे आलेला मणका अनेकदा जागेवर परत जातो. त्यामुळे झोपून काढलेल्या चित्रात तो सरळ दिसतो, आणि रुग्णाला 'तुम्हाला काही नाही' असे सांगितले जाते. त्या बाईला उठताना होणारी वेदना खरी असते, आणि घरच्यांच्या नजरेत ती कामचुकार ठरते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या एका गोष्टीबद्दल आग्रहाने लिहावेसे वाटते.

यासाठी उभे राहून बाजूने काढलेला एक्स-रे, त्यानंतर पूर्ण पुढे वाकून एक आणि मागे झुकून एक, असे साधे एक्स-रे काढावे लागतात. ते एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त असतात आणि तालुक्याच्या गावीही निघतात. वाकलेल्या व झुकलेल्या स्थितीत मणक्याची जागा सुमारे ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली किंवा दोन मणक्यांमधील कोन १० अंशांहून जास्त बदलला, तर सामान्यपणे अस्थिरता मानतात. काही तज्ज्ञ याहून कडक मापे वापरतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांमध्येही ३ मिलिमीटरची सरक आढळते, म्हणून आकडा लक्षणांशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तीव्र उसण भरलेली असताना रुग्ण नीट वाकूच शकत नाही, त्यामुळे त्या दिवशी काढलेला एक्स-रे खोटा दिलासा देऊ शकतो. दुखणे थोडे उतरल्यावर तो काढावा.

एमआरआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. शिरांवरचा दाब, जंतुसंसर्ग आणि गाठ त्यातच कळते. शिवाय फॅसेट सांध्यात पाणी साठलेले दिसले, तर ती अस्थिरतेची आडून मिळालेली सूचना समजून उभ्याने एक्स-रे काढावा.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हाताने काय तपासतात?

आधी वाकायला व उठायला सांगून हालचाल पाहतात. मग पुढील दोन चाचण्या उपयोगी पडतात. पहिलीत रुग्ण पोटावर अशा रीतीने झोपतो, की धड टेबलावर आणि पावले जमिनीवर टेकलेली राहतात. तपासणारा एकेका मणक्यावर तळहाताने दाब देतो आणि दुखणारी जागा शोधतो. त्यानंतर रुग्णाला पाय जमिनीवरून किंचित उचलायला सांगून त्याच जागी तेवढाच दाब देतो. पाय उचलताच पाठीचे स्नायू आवळले जातात. त्या वेळी वेदना कमी झाली, तर स्नायूंनी ढिला सांधा धरून ठेवला असे समजायचे. ज्यांच्यात ही चाचणी अशी येते, त्यांना व्यायामाने गुण येण्याची शक्यता चांगली असते.

दुसऱ्या चाचणीत रुग्ण पूर्ण पालथा झोपतो आणि त्याचे दोन्ही पाय हलके ओढून एकत्र सुमारे ३० सेंटिमीटर उचलतात. कमरेत जडपणा किंवा तीव्र कळ आली आणि पाय खाली ठेवताच ती गेली, तर अस्थिरतेचा संशय बळावतो. या चाचण्या घरी एकमेकांवर करून पाहू नयेत.

रिपोर्टमध्ये 'ग्रेड १' लिहिले आहे. हे गंभीर आहे का?

बहुधा नाही. वरचा मणका खालच्याच्या रुंदीच्या किती टक्के पुढे आला, यावर ग्रेड ठरते: २५ टक्क्यांपर्यंत पहिली, ५० पर्यंत दुसरी, ७५ पर्यंत तिसरी आणि त्यापुढे चौथी. मोठ्या माणसांतील झिजेची सरक बहुतेकदा पहिल्या ग्रेडची असते आणि तिथेच राहते.

कोणत्या लक्षणांत वाट पाहू नये?

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी व जांघेत बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. येथे काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. चप्पल पायातून नकळत गळून पडणे किंवा पाऊल वर न उचलले जाणे यासाठीही त्वरित तपासणी हवी. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, कर्करोगाचा पूर्वेतिहास किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी कारण शोधावे.

कंबरदुखीचे कारण दुसरेच असू शकते का?

नक्कीच, आणि आपल्या भागात तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. खानदेशच्या उन्हात पाणी कमी पडून होणारा मुतखडा कुशीत कळा देतो. ती कळ येते-जाते, पण वाकण्या-उठण्यावर अवलंबून नसते. मणक्याचा क्षयरोग हळूहळू वाढतो, सोबत बारीक ताप व अशक्तपणा असतो, आणि त्याची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. अशा रुग्णाची कंबर चोळणे धोक्याचे आहे. तिसरी गोष्ट सिकलसेलची. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो आणि त्यात पाठीच्या व खुब्याच्या हाडांत तीव्र वेदना होतात. तरुण रुग्ण त्या भागातला असेल, तर रक्ताची ही साधी चाचणी आधी करून घ्यावी.

उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ घेतली किंवा मणका बसवून घेतला तर चालेल का?

नाही. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते, म्हणून लाथेचे किंवा झटक्याचे नाव होते. या प्रथेमागे शेजारधर्माची आपुलकी आहे हे मला ठाऊक आहे, तरीही आधीच सैल असलेल्या सांध्याला हिसका देणे म्हणजे ढिल्या बिजागरीवर धक्का मारणे होय. हाड ठिसूळ असलेल्या वृद्ध स्त्रीत त्याने मणका दबूही शकतो. कोमट तेलाने हलक्या हाताने चोळणे किंवा शेक घेणे यास हरकत नाही.

झोपून राहावे का?

तीव्र उसणेत एक-दोन दिवस विश्रांती पुरे. त्यानंतर घरातल्या घरात चालायला लागावे.

कमरेचा पट्टा किती दिवस लावावा?

दुखणे तीव्र असताना काही आठवडे, आणि नंतर केवळ प्रवासात किंवा जड कामाच्या वेळी. पट्टा वेदना कमी करतो, पण सांधा घट्ट करत नाही. पट्ट्यावर विसंबून व्यायाम सुटतो, हे त्याचे खरे नुकसान आहे.

व्यायाम कोणते आणि किती दिवस करावेत?

ताकदीपेक्षा ताबा मिळवणे हा या व्यायामांचा उद्देश आहे. पोटाच्या खोलवरच्या स्नायूंना आणि मणक्याला अगदी चिकटून असलेल्या मल्टिफिडस स्नायूंना वेळेवर काम करायला पुन्हा शिकवावे लागते, कारण वारंवार दुखल्यावर हे स्नायू सुस्तावतात व बारीक होतात.

सुरुवात अशी करावी. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, श्वास न रोखता बेंबीखालचे पोट हलकेच आत ओढावे आणि दहा सेकंद तसेच धरावे. हे जमले की हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करावा, आठ-दहा सेकंद थांबावे, मग बाजू बदलावी. या वेळी कमरेवर अर्धा भरलेला तांब्या ठेवला आहे अशी कल्पना करावी. काही रुग्ण घरी खरोखर ठेवतात. पाणी हिंदकळले, म्हणजे कंबर डुलते आहे आणि पाय गरजेपेक्षा जास्त वर जातो आहे. तिसरा व्यायाम कुशीवर झोपून कोपर व गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरण्याचा. हे तीनही रोज वीस मिनिटांत होतात. फरक जाणवायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सोडून देऊन 'व्यायामाने काही झाले नाही' असे म्हणणारे रुग्ण फार आहेत, आणि त्यांना दोष देण्यापेक्षा हा अवधी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे हे आमचे काम आहे.

मणका पुढे सरकलेला असेल तर भुजंगासन, धनुरासन यांसारखी पाठ मागे कमानदार करणारी आसने टाळावीत. सूर्यनमस्कार तज्ज्ञाने परवानगी देईपर्यंत थांबवावेत. चालणे मात्र सर्वांसाठी चांगले आहे.

शेतीचे काम सोडावे लागेल का?

बहुतेकांना सोडावे लागत नाही. पद्धत बदलावी लागते. रात्रभर झोपल्यावर गादीत पाणी भरून ती फुगलेली असते आणि पहाटे वाकल्यास तिच्यावर ताण अधिक पडतो, म्हणून उठल्यानंतर पहिला तासभर खोल वाकण्याचे व ओझ्याचे काम टाळावे. घड उचलताना दुसऱ्या माणसाने तो खांद्यावर ठेवून द्यावा आणि वळताना कंबर न पिळता पावलांनी वळावे. निंदणी सतत ओणव्याने करण्याऐवजी गुडघा टेकून किंवा बुटक्या पाटावर बसून करावी आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उभे राहावे. मुकादमाला हे पटवणे सोपे नसते. शेतमालकाने स्वतःहून ही मुभा द्यायला हवी.

गोळ्या व इंजेक्शने घ्यावीत का?

थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर असताना उन्हात काम करणाऱ्याने दुकानातून वेदनाशामक घेऊन रोज खाणे मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे, कारण अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. मणक्यातील इंजेक्शनने पायातली कळ काही काळ कमी होते. सैलपणा जात नाही.

आमचा मुलगा वेगवान गोलंदाजी करतो आणि त्याची कंबर दुखते. हे साधे दुखणे आहे का?

वाढत्या वयातील गोलंदाजाची कंबर तीन-चार आठवडे एका बाजूला, मागे झुकताना दुखत असेल, तर मणक्याच्या कमानीला ताणाने चीर पडली असण्याची शंका घ्यावी. ती बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते. वेळीच ओळखून काही महिने खेळ थांबवला, तर ती पुष्कळदा भरून येते, म्हणून स्पर्धा तोंडावर आली तरी मुलाला थांबवावे.

शस्त्रक्रिया कधी आणि कोणती?

पायातील शक्ती कमी होत असेल, थोडे चालताच पाय भरून येऊन बसावे लागत असेल, किंवा नीट केलेल्या उपचारांनंतरही काही महिने जगणे असह्य असेल आणि अस्थिरता एक्स-रेवर सिद्ध झालेली असेल, तेव्हा. केवळ ग्रेड १ लिहिले आहे म्हणून नव्हे.

शस्त्रक्रियेचे दोन भाग असतात: दबलेली शीर मोकळी करणे आणि स्क्रू व हाड घालून दोन मणके जोडणे. प्रत्येकाला जोड लागतेच असे नाही. झिजेने मणका सरकलेल्यांबाबत २०१६ मध्ये स्वीडन व अमेरिकेतील दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. स्वीडिश अभ्यासात जोड दिल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. अमेरिकन अभ्यासात थोडा दिसला, पण त्यात उघड अस्थिरता असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. २०२१ च्या नॉर्वेतील अभ्यासात केवळ शीर मोकळी करणे हे जोड देण्यापेक्षा कमी ठरले नाही. म्हणून शल्यचिकित्सकाला सरळ विचारावे: 'मला जोड का हवी आहे, आणि माझ्या कोणत्या एक्स-रेत मणका हलताना दिसतो?' योग्य रुग्णात जोड खरोखर आयुष्य बदलते, हेही मी पाहिले आहे.

जोड हाडाने भरून यायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि पुढे शेजारच्या मणक्यावरचा भार वाढतो. तंबाखू, बिडी किंवा मिसरी सुरू असेल, तर हाड जुळण्याची शक्यता कमी होते. शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी ती बंद व्हायला हवी.

खर्चासाठी मदत मिळते का?

सरकारी योजनेतून मिळू शकते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत धुळे होते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे भरती होण्यापूर्वी त्याला विचारावे. धुळे, जळगाव व नंदुरबार या तीनही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

तपासणीला येताना सोबत काय आणावे?

एमआरआयसोबत जुने सगळे एक्स-रे आणावेत, मग ते पाच वर्षांपूर्वीचे का असेनात, कारण मणका तेव्हा कुठे होता हे त्यांतूनच कळते. सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणावीत. गेल्या वर्षभरात किती वेळा उसण भरली आणि त्या वेळी आपण काय करत होता, हे कागदावर लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे. कपडे सैल असावेत. नऊवारी किंवा धोतर असले तरी चालते, फक्त कंबर उघडी करून वाकता आणि उठता आले पाहिजे.